शरीरासकट शाळेत

१९०२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या शाळांनी १०,५६७ मुलांना आजारी ठरवून घरी धाडलं. वर्षभराने, १९०३ च्या सप्टेंबरात, हाच आकडा १,१०१ वर आला. मधल्या काळात कुठलंही जालीम औषध निघालं नव्हतं. शहरातली गरिबी हटली नव्हती आणि ईस्ट साइडच्या कोंदट इमारतींमधली गर्दीही तसूभर कमी झाली नव्हती. फरक पडला तो एका छोट्या प्रयोगामुळे. १ ऑक्टोबर १९०२ रोजी लीना रॉजर्स नावाची परिचारिका चार शाळांमध्ये रुजू झाली. चार शाळांची मिळून मुलं होती सुमारे दहा हजार. महिनाभर करून बघू, एवढीच तयारी शहराने दाखवली होती. त्या एका महिन्यात ही बाई १३७ घरांचे जिने चढली. वर्ष संपण्याआधीच शहराने आणखी परिचारिका नेमायला सुरुवात केली.

तोवर शाळेत डॉक्टर फिरकत नव्हते असं नाही. १८९७ पासून आरोग्य खात्याचे डॉक्टर येत, मुलांना ओळीने उभं करत. डोळ्यांत खुपऱ्या, डोक्यात उवा, अंगावर खरूज किंवा नायटा दिसला की मुलाच्या हातात चिठ्ठी देऊन त्याची रवानगी घरी. घरी आई यिडिश किंवा इटालियन बोलणारी, दिवसभर शिवणकामाला जुंपलेली. इंग्रजीतली चिठ्ठी वाचणार कोण, आणि वाचली तरी मलम आणायचं कुठून, लावायचं कसं? मूल रस्त्यावर हुंदडत राही. ज्या मुलांना त्याच्या संसर्गापासून वाचवायचं म्हणून त्याला बाहेर काढलं, तीच मुलं शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर खेळत.

नियमाच्या बाजूने पाहिलं तर कुणाचंच चुकलं नव्हतं. डॉक्टरांनी रोग ओळखला, मुख्याध्यापकांनी वर्ग सुरक्षित ठेवला, पालकांना लेखी कळवलं. पण शाळा मुलाला बोलावते तेव्हा नेमकं कुणाला बोलावते, हा प्रश्न तसाच राहिला. पाढे पाठ करणाऱ्या बुद्धीला, की उपाशीपोटी आलेल्या, डोळे चिकटलेल्या, डोकं खाजवणाऱ्या एका सबंध मुलाला? हा प्रश्न वरवर आरोग्य खात्याचा वाटतो. मुळात तो देह आणि विद्या यांच्या नात्याचा आहे आणि धर्मचिंतनात तो फार जुना आहे.

लीना रॉजर्सना पाठवणारी लिलियन वॉल्ड हीसुद्धा परिचारिकाच. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत हेन्री स्ट्रीटवर राहून घरोघरी रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांचं केंद्र तिने उभं केलं होतं. तिच्या आठवणींच्या १९१५ सालच्या पुस्तकात लुई नावाच्या मुलाची हकिगत येते. पोरगा बारा वर्षांचा झाला तरी एकही दिवस शाळेत बसला नव्हता. डोक्यावर इसब. दर वेळी शाळेत जायचा आणि डोकं बघून बाई त्याला परत पाठवायच्या. दवाखान्यातून मलम मिळत होतं, पण ते नीट लावायचं कसं हे आईला कुणी दाखवलं नव्हतं. वॉल्डने ते पद्धतशीर लावलं, डोकं बरं झालं आणि सप्टेंबरात लुई आयुष्यात पहिल्यांदा वर्गात बसला. एवढीच गोष्ट. पण बाराव्या वर्षापर्यंत एका मुलाचं शिक्षण ज्या कारणाने अडलं होतं, ते दूर करायला शिक्षणशास्त्रातलं काहीच लागलं नाही. मलम लागलं, आणि ते लावणारा हात लागला.

शरीर सांभाळायचं काम आई-बापांचं, दवाखान्याचं. आम्ही शिकवायचं, असं म्हणणारे शिक्षक तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांना उत्तर द्यायला छांदोग्य उपनिषदातला एक प्रसंग पुरेसा आहे. श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुकुलात गेला आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून, चांगलाच ताठा घेऊन घरी परतला. वडिलांनी, उद्दालक आरुणींनी, त्याला बरंच समजावलं आणि मग एक प्रयोग करायला सांगितला. पंधरा दिवस काही खायचं नाही, पाणी मात्र हवं तेवढं प्यायचं. सोळाव्या दिवशी वडील म्हणाले, आता म्हण ऋचा, म्हण यजू, म्हण सामं. श्वेतकेतूला एकही आठवेना. मोठ्या अग्नीतला काजव्याएवढा एकच निखारा उरावा, तशी तुझी गत झाली आहे, असं सांगून वडिलांनी त्याला जेवायला पाठवलं. जेवून आला, आणि विचारलं ते सगळं त्याने धडाधड सांगितलं. मन हे अन्नाचंच झालेलं असतं, हे उद्दालकांनी आधी शब्दांत सांगितलं होतं. मुलाला ते पटलं उपाशी राहिल्यावर.

या कथेत बारा वर्षांचं अध्ययन पंधरा दिवसांच्या उपासाने पुसलं जातं. ज्ञान देहापासून वेगळं, स्वतंत्र, अबाधित असतं असं मानणाऱ्यांना हे उपनिषद अडचणीचं आहे. आणि श्वेतकेतूचा उपास तर ठरवून केलेला होता; सोळाव्या दिवशी घरात अन्न शिजत होतं. सकाळी नुसता चहा पिऊन शाळेत येणाऱ्या मुलीला असा सोळावा दिवस ठरलेला नसतो. फळ्यावरचं तिच्या डोक्यात शिरत नाही आणि प्रगतिपुस्तकात शेरा पडतो, ‘लक्ष देत नाही’. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्यायला लावलं. उद्दालकांचा सिद्धांत त्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

देह नश्वर आहे, त्याचे फार लाड नकोत, हा विचारही आपल्याच परंपरेतला. त्याचा मान राखूनही एक भेद करावा लागतो. वैराग्य स्वतः पत्करायचं असतं. ज्याने काहीच पत्करलेलं नाही अशा सात वर्षांच्या मुलाच्या वाट्याला आलेल्या उपासमारीला किंवा दुखण्याला वैराग्याची भाषा लावणं हा त्या भाषेचाच अपमान आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात तर अगदी न खाणाऱ्यालाही योग साधत नाही असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि तिथे बोलणं मोठ्या माणसांविषयी चाललं आहे.

बौद्ध परंपरेतला एक प्रसंग या प्रश्नाला आणखी जवळून भिडतो. विनयपिटकाच्या महावग्गात तो येतो. बुद्ध आणि आनंद विहारात फेरफटका मारताना त्यांना एक भिक्खू दिसला. जुलाबाने बेजार, स्वतःच्याच घाणीत पडलेला. तुझी सेवा करायला कुणी नाही का, असं बुद्धांनी विचारलं. नाही, म्हणाला. का नाही? तर, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही. बुद्धांनी आनंदला पाणी आणायला सांगितलं. दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचललं आणि खाटेवर निजवलं. मग संघाला बोलावून त्यांनी जे सांगितलं त्याचा आशय असा, की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

बुद्धांनी इथे नुसत्या करुणेचा दाखला दिला नाही. त्यांनी कारण दिलं. संघाने माणसाला घरापासून तोडून आणलं आहे, म्हणून घराचं कर्तव्य आता संघाचं. भामरागड, अक्कलकुवा, जव्हार इकडच्या पाड्यांवरून आश्रमशाळेत दाखल झालेलं पहिलीतलं पोर डोळ्यांसमोर आणलं की हे कारण किती नेमकं आहे ते कळतं. त्याची आई डोंगरापलीकडे. रात्री ताप चढला तर त्याने उठवायचं कुणाला? अधीक्षिकेला, की शेजारी झोपलेल्या चौथीतल्या मुलाला? आश्रमशाळेत रोज रात्री हजर असणारी परिचारिका ही सोय नाही, ते ऋण आहे. ते अजून पुरतं फेडलेलं नाही, हे आपलं सार्वजनिक अपयश आहे.

दिवसाच्या शाळेलाही हे ऋण चुकत नाही, कारण तिथे सक्ती आहे. सयाजीराव गायकवाडांनी अमरेलीत आधी करून पाहिलेल्या सक्तीच्या अनुभवानंतर १९०६ मध्ये संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड. आणि १९०९ मध्ये बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. हिंदुस्थानातल्या शालेय आरोग्यसेवेची सुरुवात याच तपासणीपासून मोजतात. या दोन सालांमध्ये तीनच वर्षांचं अंतर आहे, आणि तो योगायोग मानायचं कारण नाही. राज्याने मुलाला रोज काही तास स्वतःच्या छताखाली बसायला लावलं, की त्या तासांतल्या त्याच्या डोळ्यांची, कानांची, पोटाची जबाबदारी राज्यावर येऊन पडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलासाठी हेच बंधन देशभर लागू केलं. हक्क दिला मुलाला. त्याबरोबर येणारं कर्तव्य कुणी किती उचललं, याचा हिशेब अजून बाकी आहे.

मात्र राज्य मुलाच्या देहाकडे वळतं ते नेहमी मुलासाठीच, असं नव्हे. इंग्लंडमध्ये बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेले कामगार वस्तीतले तरुण मोठ्या संख्येने नापास झाले. खुजे, किडक्या दातांचे, छाती भरत नाही असे. साम्राज्य सांभाळायला माणसं कुठून आणायची, या काळजीपोटी समिती बसली. तिचा अहवाल १९०४ चा. पाठोपाठ १९०६ मध्ये शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला आणि १९०७ मध्ये वैद्यकीय तपासणीचा. मुलांच्या पोटात अन्न पडलं, डोळे तपासले गेले. मग हेतू सैनिकाचा असला म्हणून बिघडलं कुठे?

बिघडतं. माणसाला कधीही नुसतं साधन मानू नये, ही तत्त्वज्ञ कान्टची अट इथे पुस्तकात राहत नाही, रोजच्या कामात येते. सैनिक हवा म्हणून तपासणी असेल तर सैनिक होऊ न शकणारं मूल, जन्मतः अधू, मतिमंद म्हणून हिणवलेलं, फिट्स येणारं, तिच्या नजरेतून सुटणार. विहारातल्या त्या भिक्खूने दिलेलं कारण पुन्हा वाचावं: मी कुणाच्या उपयोगाचा नाही. त्याच इंग्लंडमध्ये मार्गारेट मॅकमिलन या बाईने ब्रॅडफर्डला आणि पुढे लंडनच्या डेप्टफर्डला दवाखाना, आंघोळ, उघड्या हवेतली झोप हे सगळं शिक्षणाचाच भाग म्हणून मुलांना दिलं. तिला त्यांच्यातून काही बनवून घ्यायचं नव्हतं. ती मुलं होती, एवढं तिला पुरे होतं.

हेतू चांगला, सेवा मोफत, तरीही सगळं उलटू शकतं. १९०६ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या त्याच लोअर ईस्ट साइड भागात शाळांवर हजारो आया चालून गेल्या. दवाखान्यात खेटे घालणं गरीब आई-बापांना परवडत नाही म्हणून काही मुलांच्या नाकामागच्या वाढलेल्या गाठी डॉक्टरांनी शाळेतच काढल्या होत्या. मुलं तोंडातून रक्त गाळत घरी आली आणि वस्तीत बातमी पसरली, शाळेत पोरांचे गळे कापताहेत. दगडफेक झाली, काचा फुटल्या. या आयांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्यांतल्या कितीतरी जणी रशियातल्या ज्यूविरोधी कत्तलींतून जीव वाचवून आल्या होत्या, आणि बियालिस्टोकची कत्तल तर त्याच महिन्यातली. सरकारी माणूस आपल्या लेकराला हात लावतो तेव्हा काय होतं, हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

पुण्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे सोजिर घराघरात शिरले, देवघरापर्यंत गेले. माणसांना तपासून इस्पितळात आणि छावणीत नेऊ लागले. रोग खरा होता, तपासणी लागणारही होती. पण जो धाक आणि जी विटंबना त्या तपासणीबरोबर आली ती शहर विसरलं नाही. २२ जूनच्या रात्री चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच साली, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले मुलगा यशवंत याने गावाबाहेर उघडलेल्या दवाखान्यात रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं, त्यांनाच प्लेगने गाठलं आणि १० मार्चला त्या गेल्या. मुलींच्या शाळेतून सुरू झालेलं आयुष्य दवाखान्याच्या वाटेवर संपलं. सोजिरांनीही आजाऱ्यालाच हात लावला आणि सावित्रीबाईंनीही. कुणाला विचारून लावला आणि कुणासाठी लावला, यात त्या दोन स्पर्शांची नीती वेगळी होते.

आज आपल्याकडे काय आहे? २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, आणि त्यासाठी फिरती पथकं: दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक नर्सताई. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. पथकाची गाडी मैदानात थांबते, पोरं खिडकीला लोंबकळतात. वजनकाटा, उंचीची पट्टी, दंडाचा घेर मोजायची फीत. खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. गुलाबी असायला हवी तिथे पांढुरकी दिसली की नोंद. सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता. पाचवीतला एक पोरगा वरची दोन अक्षरं वाचतो आणि पुढे गप्प होतो. शेजारचा सांगतो, ‘सर, त्याला फळ्यावरचं पण दिसत नाही, तो माझ्या वहीतून लिहितो.’ पाच वर्षं वर्गात बसलेल्या मुलाला फळा दिसत नव्हता, हे एका तक्त्याने दहा मिनिटांत सांगितलं.

पुढे येते चिठ्ठी, पुढच्या तपासणीची. जिल्हा रुग्णालय दूर, जायचं तर आईची रोजंदारी बुडते, बापाला रजा नाही. न्यूयॉर्कमध्ये १९०२ पर्यंत जे होत होतं तेच आपल्याकडेही होण्याचा धोका इथे आहे: रोग सापडतो, नोंद होते, चिठ्ठी दप्तरात चुरगळते. लीना रॉजर्सची करामत तपासणीत नव्हती, तपासणी तर डॉक्टर करतच होते. चिठ्ठीच्या मागोमाग घरापर्यंत जाणं, हे तिचं काम होतं. वर्षातून एकदा येणाऱ्या पथकाने कितीही जीव तोडला तरी ते त्याच्याकडून होणं अवघड आहे. त्यासाठी रोजचं माणूस लागतं, मुलाला नावाने ओळखणारं.

आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी घ्या. रक्त वाढावं म्हणून किशोरवयीन मुला-मुलींना देतात. रिकाम्यापोटी घेतली तर मळमळतं, आणि ज्या मुलीला तिची सर्वांत जास्त गरज तीच बहुधा रिकाम्यापोटी आलेली. शिवाय गोळीने शी काळी होते. हे आधी सांगितलं नसेल तर मुलगी घाबरते, आई म्हणते बंद कर ती गोळी, आणि पुढच्या आठवड्यात ती जिभेखाली धरून बाहेर थुंकली जाते. समोर उभं राहून गिळायला लावलं की रजिस्टरचे रकाने भरतात. नर्सताईने मात्र आधी जेवायला लावलं, मळमळीचं आणि काळ्या शीचं सांगून ठेवलं, आईलाही निरोप दिला, तर गोळी पोटात जाते. ‘संमती’ या भारदस्त कल्पनेला शाळेत प्रत्यक्ष रूप येतं ते असं.

काही दुखणी तक्त्यावर सापडत नाहीत. दर सोमवारी पोट दुखणारं मूल जगातल्या प्रत्येक शाळेत असतं. ताप नाही, जुलाब नाही, हात लावला तर पोट मऊ. त्याला ‘नाटकं करू नको’ म्हणणं सोपं, आणि ओव्याची पूड देऊन परत वर्गात पाठवणंही सोपं. जाणती परिचारिका त्याला बसवून घेते आणि विचारते, काल घरी काय झालं? फ्रेंच विचारवंत सिमोन वेल हिने १९४२ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात शाळेतल्या अभ्यासाचा खरा उपयोग अवधान वाढवणं हा मानला. दुखावलेल्या माणसाला ‘तुला काय होतंय?’ असं मनापासून विचारता येणं, हे तिच्या लेखी त्याच अवधानाचं फळ होतं, आणि तिने ते देवावरच्या प्रेमाशी जोडलं. मुलाचं पोट खरंच दुखत असतं. भीतीने दुखतं, एवढंच.

आणि विचारलं की कधी कधी उत्तर मिळतं. आठवीतली मुलगी सांगते, ‘ताई, कुणाला सांगू नका हां,’ आणि मग घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाविषयी बोलते. इथे आतापर्यंतचे सगळे प्रश्न एकदम पुढ्यात येतात: देह कुणाचा, विश्वास कुणाचा, आई-बापांना किती कळावं, राज्याला किती. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने यातलं एक उत्तर ठरवून टाकलं आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. न कळवणं हा गुन्हा आहे. कायद्याचं कारण रास्त आहे, गप्प राहण्याने कितीतरी मुलं पुन्हा पुन्हा भरडली गेली. पण मुलीने मागितलेलं वचन पाळता येणार नाही, हेही तितकंच खरं. जाणत्या परिचारिका म्हणूनच ते वचन देत नाहीत. मुलगी बोलायला लागायच्या आधीच त्या सांगून टाकतात, की तुझ्या जिवाला धोका असेल असं काही असलं तर मला ते एकटीजवळ ठेवता येणार नाही, पण जे करायचं ते तुला सांगून करेन आणि तुझ्याबरोबर येईन. एवढं ऐकून काही मुली गप्प होतात, उठून जातात. काही मात्र दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पुन्हा दाराशी येतात, आणि त्या येतील तेव्हा ताई शाळेत हजर असावी लागते.